जेवणाची सोय केली आहे

कार्यशाळेचं पत्र आलं की आमच्या वाचनालयात आधी शेवटची ओळ वाचतात. विषय, संदर्भ, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ वगैरे सगळं नंतर. सहीच्या वर ‘दुपारच्या जेवणाची सोय केली आहे’ असं असेल, तर आमचे ग्रंथपाल सर ते पत्र सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचतात. नसेल तर गुपचूप माझ्या टेबलावर आणून ठेवतात.

या वेळी जेवण होतं, तरी पत्र माझ्याच टेबलावर आलं. साताऱ्याला दोन दिवसांची कार्यशाळा, विषय ‘ग्रंथालय सेवकांचे व्यावसायिक कौशल्य संवर्धन’. सरांच्या मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. पत्रात ‘ग्रंथपाल अथवा प्रतिनिधी’ असं होतं, त्यातली प्रतिनिधी मी.

माझं पद निर्गम सहायक. म्हणजे देवघेवीच्या टेबलावर बसते. सासूबाई शेजारणींना सांगतात, ‘आमची सूनबाई लायब्ररीत पुस्तकं देते.’ त्यात चूक काही नाही, फक्त परतही घेते हे राहून जातं. आणि खरं डोकं परत घेतानाच लागतं. पान फाटलंय का, मुखपृष्ठाच्या आत पेनाने मोबाईल नंबर लिहिलाय का, पुस्तकात विसरलेली लग्नपत्रिका कुणाची, हे सगळं त्या अर्ध्या मिनिटात बघायचं असतं.

आम्ही चौघं आहोत. ग्रंथपाल सर, सहायक ग्रंथपाल मॅडम, मी, आणि मामा. मामांचं पद शिपाई. सत्तावीस वर्षं ते कुलूप उघडतात, झाडतात, वर्तमानपत्रं काठीला लावतात आणि परत आलेली पुस्तकं जागेवर नेऊन ठेवतात. त्यांच्याविषयी पुढे सांगते, कारण ही सगळी पोस्ट खरं तर त्यांच्यामुळे लिहायला घेतली.

प्रशिक्षण मला नवं नाही. २००९ साली मी ग्रंथालयाचा प्रमाणपत्र वर्ग केला होता. तेव्हा धाकटा बालवाडीत होता. पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे देण्याची ड्यूईची पद्धत असते, तिचे दहा वर्ग मी त्याला भरवताना पाठ केले, त्यामुळे त्याला ‘आठशे साहित्य, नऊशे इतिहास’ हे ‘ये रे ये रे पावसा’च्या आधी येत होतं. वर्ग चांगला होता. पण परीक्षा पास होऊन आल्यावर अध्यक्षांनी पेढा घेतला, अभिनंदन केलं, आणि मानधन होतं तेवढंच राहिलं. आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा, अनुदानाचे आणि वर्गवारीचे नियम १९७० चे. अ, ब, क, ड अशी ग्रंथालयांची वर्गवारी आहे, माणसांची नाही. प्रमाणपत्र वर्ग केलेली आणि न केलेली माणसं अनुदानाच्या एकाच हप्त्याची वाट बघतात. यावर जास्त लिहीत नाही. लिहिलं की सगळी पोस्ट त्यातच जाते, आमच्या संघटनेच्या सभेसारखी.

तर पहिला दिवस. ६.४० ची एसटी धरली. पंख्याखाली समई ठेवलेली, त्यामुळे दीपप्रज्वलनाला अकरा काड्या लागल्या. मी मोजत होते. मग सत्कार. मग ज्यांचा सत्कार झाला त्यांची मनोगतं. पहिलं सत्र सुरू झालं तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. बोलायला आलेले सर हुशार होते आणि तळमळीनं बोलत होते, हे आधीच सांगते. पडद्यावर आरएफआयडीचं, म्हणजे पुस्तकातली चिप ओळखणारं फाटक, पुस्तक आपलं आपण नोंदवून नेण्याचं यंत्र, मग आर्टिफिशियल इंटेलिजन्स. माझ्या शेजारी एका ड वर्गाच्या वाचनालयातले दादा बसले होते. त्यांच्याकडे ग्रंथपाल तेच, लिपिक तेच, केर काढणारेही तेच. रोज तीन तास वाचनालय उघडतात आणि बाकीचा वेळ दूध संस्थेत काम करतात. ते वहीत सगळं उतरवून घेत होते. मी डोकावून पाहिलं तर ‘फाटक – किंमत?’ एवढं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. त्यांच्याकडे पावसाळ्यात भिंतीला ओल येते, तळाच्या फळीवरची पुस्तकं चिकटतात, काय करावं? सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडे ज्यानं एक पावसाळा काढलाय त्याला हा प्रश्न बरोबर कळेल. सर म्हणाले, ‘डिजिटायझेशन हाच त्यावर कायमचा उपाय आहे.’ बाई ‘बरं’ म्हणून खाली बसल्या. आमच्या लोकांचं ‘बरं’ फार मोठं असतं.

जेवणात पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि श्रीखंड. ही नोंद आमच्या ग्रंथपाल सरांसाठी.

जेवणानंतर कार्यक्रमपत्रिकेत ‘ग्रंथ जतन व किरकोळ दुरुस्ती (३० मिनिटे)’ असं होतं. एक निवृत्त गृहस्थ आले, खांद्याला शबनम, हातात स्टीलचा डबा. मला वाटलं जेवणाचा डबा. त्यात खळ होती.

त्यांनी माईक घेतला नाही. टेबलावर जुन्या पुस्तकांची एक रांग उभी केली आणि आम्हाला एकेकाला बोलावून म्हणाले, ‘यातलं मधलं काढा.’ आम्ही काढलं. सगळ्यांनी एकाच पद्धतीनं काढलं, वरून, पुठ्ठ्याच्या कण्यात बोट अडकवून, मागे ओढून. दहाबारा जण झाल्यावर ते म्हणाले, ‘शाळेत मास्तर कान धरून ओढायचा तसं ओढताय. म्हणून तुमच्याकडच्या सगळ्या पुस्तकांचे कान तुटलेत.’ मग दाखवलं. दोन्ही बाजूंची पुस्तकं बोटांनी थोडी आत ढकलायची, मधलं आपोआप पुढे राहतं, मग त्याला मध्यावर दोन्हीकडून धरून काढायचं. एवढंच. एकोणीस वर्षं मी पुस्तकं काढतेय. त्यांची वरची टोकं उसवलेली रोज बघतेय आणि त्याचा दोष बाइंडरला देतेय.

मग सेलोटेपवर आले. इथे मी मान खाली घातली. आमच्याकडची निम्मी फाटकी पानं मी सेलोटेपनं चिकटवलेली आहेत, आणि तेही कौतुकानं, सरळ रेषेत. त्यांनी एक पुस्तक उघडून दाखवलं. टेपचं प्लॅस्टिक केव्हाच सुटून गेलेलं, पण डिंक कागदात उतरून तपकिरी पट्टा झालेला. त्या पट्ट्याखाली अक्षरं मधात बुडवल्यासारखी. ‘फाटलेलं पान शंभर वर्षं फाटलेलं राहू शकतं,’ ते म्हणाले, ‘चिकटवलेलं पान दहा वर्षांत मरतं. काहीच येत नसेल तर काहीच करू नका.’

खळ कशी करायची ते मी लिहून आणलंय. मैदा थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मंद आचेवर एकसारखा ढवळायचा, पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायचा. बाइंडर लोक त्यात किडीसाठी चिमूटभर मोरचूद टाकतात. ते म्हणाले, रोजच्या वापरातल्या पुस्तकांना चालेल, पण जुनं दुर्मीळ काही असेल तर तसलं काही घालू नका आणि खळ ताजीच वापरा. दाटपणा किती? ‘श्रीखंडापेक्षा सैल, ताकापेक्षा घट्ट.’ पोटात अजून श्रीखंडच होतं, त्यामुळे सगळ्यांना प्रमाण अचूक कळलं.

फाटलेलं पान नीट बघितलं तर फाटलेल्या कडेला दोन्हीकडे थोडा कोवळा, तंतू निघालेला भाग असतो. कात्रीनं कापल्यासारखी सरळ कड नसते. त्या तंतूंवर बारीक ब्रशनं अगदी थोडी खळ लावायची, एकावर एक बसवायचे, हवं तर वरून पातळ टिश्यूची पट्टी, आणि तीसुद्धा कापलेली नाही, हातानं फाडलेली, म्हणजे तिचेही तंतू मिसळतात. दोन्ही बाजूंना मेणकागद आणि वर वजन. वजन म्हणजे वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीट. मी पहिलं पान जोडलं आणि उजेडात धरलं. सांधा शोधावा लागला. खरं सांगू, आमटी जमल्याचा आनंद वेगळा आणि हा वेगळा.

कागदाला आडवं-उभं असतं हेही त्या दिवशी कळलं. एक चौकोन कापून एका बाजूनं ओला करायचा, तो ज्या बाजूला वळेल त्यावरून तंतूंची दिशा कळते. दिशा चुकवून चिकटवलं की पुठ्ठा वाकतो. आमच्याकडे रजिस्टरांचे पुठ्ठे पापडासारखे वळलेले असतात ते हवेमुळे, असं आम्ही समजत होतो. तीस मिनिटांचं सत्र अडीच तास चाललं. आयोजक दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेले. पुढचं सत्र ‘तणाव व्यवस्थापन’ होतं, ते रद्द झालं, आणि कुणाला त्याचा तणाव आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इतिहास. मला वाटलं झोप येईल, पण बडोद्याची गोष्ट निघाली. सयाजीराव गायकवाड हे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसलेले. त्यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतलं, आणि १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथालयाच्या कामाचा वर्ग सुरू झाला. भारतातला हा पहिला. खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात, त्या उघडायच्या, मोजायच्या, पुढे पाठवायच्या, त्याला माणसं शिकलेली लागणारच. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन तर १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा गणिताचे प्राध्यापक होते, आणि सुरुवातीला रिकाम्या ग्रंथालयात कंटाळून परत शिकवायला जायला निघाले होते. इंग्लंडला जाऊन ग्रंथालयं बघितली, शिकले, आणि मग त्यांचं मन बसलं. आता १२ ऑगस्टला त्यांची जयंती ग्रंथपाल दिन म्हणून होते. आमच्याकडे त्या दिवशी सरांना शाल मिळते. खुर्च्या मामा लावतात.

त्यानंतरचं सत्र मात्र माझ्या कायमचं लक्षात राहील. एका कॉलेजच्या ग्रंथपाल मॅडम होत्या. त्यांनी जोड्या लावल्या, एकाच्या हातात चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर दोन ओळी, वाचक काय म्हणतो आणि त्याला खरं काय हवंय. माझ्या जोडीला ते ड वर्गाचे दादा. ते वाचक झाले. म्हणाले, ‘शेतीवरचं पुस्तक आहे का?’ मी विचारलं कुठलं पीक, बागायत की जिरायत, सेंद्रिय की कसं. सात प्रश्न विचारले. चिठ्ठीवर होतं, शेजाऱ्यानं बांध कोरलाय, तक्रार कुठे करायची ते बघायचंय.

सगळे हसले, मीही हसले, पण मला आमच्याकडचे एक आजोबा आठवले. दोन वर्षांपूर्वी ते टेबलाशी येऊन हळूच म्हणाले होते, ‘मृत्यूवरचं एखादं पुस्तक द्या.’ मी त्यांना चिंतनपर काहीतरी शोधून दिलं, जरा मोठ्या टायपातलं. दोन दिवसांनी परत आणलं. ‘चांगलं आहे,’ म्हणाले. मग थोडं थांबून, ‘पण घर कुणाच्या नावावर करायचं ते नाही त्यात.’ त्यांना मृत्युपत्राचा नमुना हवा होता.

मॅडमनी सांगितलं की ‘कशासाठी हवंय?’ असं विचारू नका. मराठीत ते चौकशीसारखं लागतं, ‘तुला काय करायचंय?’ हे उत्तर ओठांवर येतं. ‘त्यातलं काय बघायचंय?’ असं विचारा. शब्दांचाच फरक, पण मी आल्यापासून वापरून बघतेय, माणूस खरंच खांदे सैल सोडतो आणि बोलतो. आणि कुणी ‘बहिणीसाठी हवंय’ म्हणून घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक मागितलं, तर बहिणीसाठीच हवंय असं धरून चालायचं. टेबलापलीकडून मोठ्यानं ‘घटस्फोट कुठंय हो मामा?’ असं ओरडायचं नाही. हे मी केलेलं आहे. त्या बाई परत आल्या नाहीत.

दुपारी संगणक. कोहा नावाची प्रणाली दाखवली. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी बनवलेली, २००० सालापासून वापरात, कुणालाही फुकट वापरता येते. कोहा हा माओरी भाषेतला शब्द, अर्थ भेट. वीस संगणकांत अकरा चालू होते, त्यामुळे मी दुसरीच्या खांद्यावरून बघितलं. तिथे मला माझ्या एका जुन्या कोड्याचं उत्तर सापडलं. आमच्याकडच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ॲलर्जी’ टाकलं की एकही पुस्तक नाही म्हणून सांगायचं, आणि पुस्तक माझ्या समोर पडलेलं असायचं. शिकवणाऱ्या मुलानं सांगितलं, हे अक्षर दोन तऱ्हेनं टाइप होतं. एकतर ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणून, नाहीतर आधी ‘अ’ आणि त्यावर वेगळा चंद्र. डोळ्याला दोन्ही सारखी दिसतात, पण संगणकाच्या पोटात ती दोन निराळी. आमच्या मॅडम एका पद्धतीनं नोंदी करतात, मी दुसऱ्या पद्धतीनं शोधते, आणि मधल्या मधे वाचक ‘नाही’ ऐकून जातो. असंच ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ यांतल्या त्या अर्ध्या ‘र’चं. परत आल्यावर मी आणि मॅडमनी एक कागद करून संगणकाच्या कडेला चिकटवला, कोणतं अक्षर कोणत्या कळांनी. सेलोटेपनं चिकटवला. कागद आमचाच आहे, चालतं.

अभिप्रायाचे फॉर्म आमच्याकडून दुसऱ्या दिवशी जेवणाआधीच भरून घेतले होते. संगणकाच्या सत्राला मी चार गुण दिले, ते व्हायच्या आधी.

आता परत आल्यानंतरचं.

एक पानाचा अहवाल लिहिला, तो फायलीत गेला. मैदा, दोन ब्रश, टिश्यू, मेणकागद यासाठी तीनशे चाळीस रुपये मागितले. कार्यकारिणीच्या बैठकीत एक सदस्य म्हणाले, वाचनालयाच्या खर्चात मैदा कसा दाखवायचा, ऑडिटला काय सांगायचं? सरांनी ‘ग्रंथबांधणी साहित्य’ असा शब्द काढला आणि मैदा मंजूर झाला. सरांचं हे कसब कुठल्याही कार्यशाळेत शिकवत नाहीत.

दुसरं, रोज उघडल्यावर पंधरा मिनिटं एक कपाट वाचायचं. वाचायचं म्हणजे पुस्तकं नव्हे, पाठीवरचे क्रमांक, डावीकडून उजवीकडे, बोट लावून. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक हे हरवलेलंच पुस्तक असतं, असं प्रमाणपत्र वर्गातही शिकवलं होतं. तेव्हा मी ते उत्तरपत्रिकेत लिहिलं आणि सोडून दिलं. नवव्या दिवशी हिंदीच्या कपाटात एक मराठी कादंबरी सापडली. ड्यूईत मराठी कादंबरी ८९१.४६३. या पुस्तकाच्या पाठीवर ८९१.४३६. हा हिंदी पत्रसाहित्याचा आकडा, आणि अक्षर माझं.

मी पुस्तक उघडलं आणि तिथेच स्टुलावर बसले. तीन वर्षांपूर्वी याच पुस्तकासाठी एका निवृत्त शिक्षकांकडून मी किंमत भरून घेतली होती. ते सांगत होते, मी परत केलंय. माझ्या नोंदीत परत नव्हतं. काय झालं असणार ते आता स्वच्छ दिसत होतं. त्यांनी सुटी पानं झालेलं पुस्तक आणून दिलं, मी ते नोंद न कापता थेट बांधणीच्या गठ्ठ्यात टाकलं, आणि बांधून आल्यावर नवी चिठ्ठी लिहिताना आकडे उलटसुलट केले. एका पुस्तकाला दोन चुका, दोन्ही माझ्या. त्यांनी तेव्हा वाद घातला नाही, पैसे ठेवले आणि पुन्हा पायरी चढले नाहीत. सरांना सांगितलं, पावती शोधली, एकशे ऐंशी रुपये घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी पैसे मोजून घेतले. बायकोला चहा ठेवायला सांगितला. अनामत तशीच आहे ना, वर्गणी नव्यानं भरावी लागेल का, एवढं विचारलं. ‘येतो एकदा,’ म्हणाले. अजून आलेले नाहीत.

आणि मामा. त्याच कपाटवाचनात माझ्या लक्षात आलं की धर्माच्या कपाटात गीतेची सगळी पुस्तकं शीख धर्माच्या पलीकडे जाऊन बसलेली आहेत. नेहमीच बसतात, मी नेहमी मनातल्या मनात चरफडून सरकवते. गीता २९४.५९२४, शीख धर्म २९४.६. या वेळी सरकवली नाही. मामांना बोलावलं आणि विचारलं, ‘मामा, हे असं का लावता?’ मामा सरळ म्हणाले, ‘ताई, पाच हजार नऊशे चोवीस मोठं, का सहा मोठं?’

सत्तावीस वर्षं. त्यांनी चूक केलीच नव्हती. कुणी सांगितलंच नव्हतं की टिंबाच्या पुढचे आकडे वेगळे मोजायचे असतात. मी दशांश, शतांश असं सुरू केलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते आमचं ‘बरं’ येताना दिसलं. मग सुचलं. ‘मामा, किराणावाल्याच्या काट्यावर शून्य टिंब सहा आलं तर साखर किती?’ ‘सहाशे ग्रॅम.’ ‘आणि शून्य टिंब पाच नऊ दोन?’ ‘पाचशे ब्याण्णव.’ थांबले. कपाटाकडे बघितलं. ‘म्हणजे गीता हलकी.’ आणि एकेक पुस्तक काढून, दोन्ही बाजूंची आत ढकलून, मध्यावर धरून, गीता अलीकडे आणून ठेवली. पुस्तक तसं काढायचं मी त्यांना दाखवलं नव्हतं. ते पहिल्यापासून तसंच काढत असणार. मीच कधी बघितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी इतर कपाटंही तपासली. पाककृतींची पुस्तकं, इतिहास, सगळीकडे जिथे टिंबापुढे लांब आकडे होते तिथे. दुसऱ्या दिवशी मला सांगायला लागले की कुठली पुस्तकं कधीच जागेवरून हलत नाहीत, कुठल्या कपाटाच्या मागच्या बाजूला कसर लागलीय, कुठला सभासद चांगलं पुस्तक दुसऱ्याच कपाटात लपवून ठेवतो, म्हणजे पुढच्या आठवड्यात त्यालाच मिळावं. लपवण्याच्या जागा तीन आहेत. मला एक माहीत होती.

कार्यशाळेत आमच्यासारखे साठेक जण होते. त्यात एकही शिपाई नव्हता. पुस्तकाला दिवसातून सर्वांत जास्त वेळा ज्याचा हात लागतो, तोच कुठल्या पत्रात नसतो. मागच्या बैठकीत मी म्हणाले, पुढच्या वेळी मामांना पाठवू. मघाचेच सदस्य म्हणाले, ‘शिपाई काय शिकणार तिथं जाऊन?’ मी गीतेची गोष्ट सांगितली. ते हसले आणि म्हणाले, बघा, शिकलेच की इथल्या इथे, मग पाठवायचं कशाला? या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून शोधतेय.

काल नवीन पत्र आलं. एक दिवस, ‘ग्रंथपाल अथवा प्रतिनिधी’. शेवटच्या ओळीत जेवण नाही. त्यामुळे ते माझ्या टेबलावर आलं. मी प्रतिनिधीच्या रकान्यात मामांचं पूर्ण नाव लिहिलं आणि सरांपुढे ठेवलं. सरांनी चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं, आणि सही केली. त्या दिवशी वाचनालय उघडायचं कुणी, असं विचारलं. मी म्हटलं, मी येईन साडेसातला.

मामांना सांगितलं तर ते काठीला पेपर लावत होते. पेपर नीट ताणून बसवला, मग म्हणाले, ‘तिथं माईकवर बोलावं लागतं का?’

‘नाही हो.’

‘मग डबा न्यायचा का तिथंच?’

‘डबा न्या मामा. या वेळी नाहीये.’